ताजमधला टेडी

(पडद्यावर अंधार. फक्त पियानो ऐकू येतो.)

हा डावा हात ऐका. खर्जातल्या सुरावरून उडी मारून मधल्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, पुन्हा खाली, पुन्हा वर. ठेका तसूभरही हलत नाही. उजवा हात मात्र मन मानेल तिकडे भटकून येतो.

हा जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. जन्म 1903 चा, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस या कोळसा खाणींच्या गावातला. पियानो शिकला न्यू ऑर्लिन्समध्ये, कोवळ्या वयात. मग शिकागो.

(व्हेन्डोम थिएटरचे जुने छायाचित्र.)

इथे पडद्यावर मूकपट चालायचा आणि खाली अर्स्किन टेट यांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. पियानोवर टेडी, ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग! आत्ता ऐकलात तो तुकडा या ऑर्केस्ट्राच्या 1926 च्या ध्वनिमुद्रिकेतला. पुढे जॅझचा थोर पियानोवादक ठरलेला अर्ल हाइन्स शिकागोत नवखा होता, तेव्हा तिथल्या पियानोवाल्यांत टेडीच्या नावाचा दबदबा होता.

आणि त्याच 1926 मध्ये, जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर, तो आशियाला निघून गेला.

दोनच वर्षांनी हाइन्स आणि आर्मस्ट्राँग यांनी मिळून ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांची पारायणं जॅझ शिकणारे आजही करतात. टेडी तेव्हा हजारो मैल दूर होता. म्हणूनच इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन-चार ओळी मिळतात, आणि हे मला फार लागतं.

मायदेशात कृष्णवर्णीय वादकाला कित्येक हॉटेलांत वाजवायला बोलवायचे, पण राहायला खोली द्यायचे नाहीत. पूर्वेकडेही राज्य गोऱ्यांचंच, तरी शांघायमध्ये टेडी बड्या नाचघरांचा मानकरी झाला. 1934 मध्ये अमेरिकेला जाऊन त्याने ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा अख्खा बँड शांघायच्या कॅनिड्रोम या नाचघरात आणला.

(रात्रीचं अपोलो बंदर. ताजची रोषणाई.)

मग मुंबई. ताज महाल हॉटेलात ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा बँड होता. टेडी आधी त्यात वाजवू लागला, पुढे बँडची धुरा त्याच्याकडेच आली.

इथे थोडं थांबायला हवं. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे वादक चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले. समोर कागद ठेवा, काहीही वाजवतील. पण जॅझ कागदाबाहेर घडतो. तो कसा घडतो, हे त्यांना ताजमधल्या या अमेरिकन वादकांकडून जवळून ऐकता आलं. पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनीच तोलून धरले. 1951 चा ‘अलबेला’ आठवा: संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, पडद्यावर भगवानदादा, आणि वाद्यवृंदात ताज गाजवलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

टेडी तोवर उरला नव्हता.

(कलकत्ता. युद्धकाळातली दृश्यं.)

1937 मध्ये पॅरिसला जाऊन त्याने एकट्याने पियानो ध्वनिमुद्रित केला. पुन्हा पूर्वेकडे आला. युद्धाच्या वर्षांत कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्याचा बँड होता. शहर अमेरिकन सैनिकांनी भरलेलं. घरापासून इतक्या लांब आलेल्या त्या पोरांना टेडी त्यांच्या घरचं संगीत ऐकवत होता. त्याला स्वतःला मात्र ते घर सोडून जवळपास वीस वर्षं होत आली होती.

25 एप्रिल 1945 ला कलकत्त्यातच कॉलऱ्याने तो गेला. वय 41. युरोपातलं युद्ध थांबायला तेरा दिवस उरले होते.

(1926 ची ध्वनिमुद्रिका पुन्हा सुरू होते. यावर निवेदन नाही. शेवटपर्यंत वाजू द्यावी.)