परवाना आला, हंगाम गेला

नमस्कार श्रोतेहो. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत मी सोलं म्हणजे आमसुलं, पापड आणि मिस्कुट म्हणजे कैरीचं लोणचं करून विकते. गावातल्या दोघी मदतीला येतात. व्यवसाय परवाना काढायला पहिल्यांदा पंचायतीत गेले, तेव्हाची गोष्ट सांगते.

घरपट्टी आजेसासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन तीस वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया, कधी झालीच नाही. सगळ्या वारसांचा ना-हरकत दाखला आणा, म्हणाले. एक दीर मुंबईत, नणंद बेळगावात. गोव्यातल्या कितीतरी घरांत हीच अडचण. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार असेल, तर त्या जमिनीच्या मालकाच्या, भाटकाराच्या, सहीसाठी खेपा. सह्या जमवून नेल्या, तर आणखी एक कागद सांगितला. तो नेला, तर पंचायतीची पंधरवड्याची बैठक होऊन गेली होती. परवाना हाती आला तेव्हा मृगाच्या सरी कोसळत होत्या आणि परसातले रातांबे, ज्यांची सोलं होतात ती फळं, झाडाखाली कुजत होते. वर्षाची सोलं गेली.

त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. एवढ्या महिन्यांत माझं स्वयंपाकघर बघायला कुणी आलं नाही. पाणी कुठलं, सांडपाणी कुठे सोडते, सोलं कशावर वाळवते? हे विचारायलाच हवं. शेजारच्या विहिरीला माझ्यामुळे घाण लागत असेल, तर माझं काम जरूर थांबवा.

छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची उद्यम नोंदणी 2020 पासून आधार क्रमांकावर, आपणच दिलेल्या माहितीवर, फुकट होते. अन्नसुरक्षेची नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये पडले. मग पडवीतल्या पापडांसाठी वारसाहक्काचा निकाल कशाला लागावा? आम्ही त्या घरात राहतो, घरपट्टी भरतो, एवढं पुरे व्हावं.

सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा गोव्यात 2013 पासून आहे. पण एकेक त्रुटी काढत अर्ज अपुराच ठेवला, तर त्या मुदतीला काय अर्थ? त्रुटी पहिल्याच दिवशी, सगळ्या एकदम, लेखी सांगाव्यात. आपल्याकडे 191 ग्रामपंचायती आहेत. कागदांची यादी सगळीकडे एकच असावी, आणि ती दारावरच्या फलकावर लागावी.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. आमच्या वाड्यावर एकजण खाजं करते, एकजण कपडे शिवते. दोघींनी काल रात्री माझ्या ओसरीवर बसून त्यावर सह्या केल्या.