नोंदवहीत उरलेले चित्रपट

श्रोतेहो, नमस्कार.

वर्षभरात जे चित्रपट पाहिले त्यांची मी एक वही ठेवते. तारीख, चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, तो चित्रपटगृहात पाहिला की घरी, आणि पाहून झाल्यावर त्याच रात्री लिहिलेल्या दोन-चार ओळी, एवढाच तिचा मजकूर. वर्ष सरताना ही वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली, तेव्हा असे दिसले की ज्या चित्रपटांबद्दल मी त्या रात्री भरभरून लिहिले होते त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांचे एकही दृश्य आज डोळ्यांपुढे उभे राहत नाही. आणि काही चित्रपटांबद्दल जेमतेम एक ओळ लिहिलेली आहे, पण ते महिनोन्महिने मनात ठाण मांडून बसले आहेत. असे का व्हावे, या प्रश्नाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले.

माझ्यापुरते उत्तर मला सापडले आहे. ज्या चित्रपटांनी माणसाच्या एखाद्या साध्या कृतीला तिचा पूर्ण वेळ दिला, ते टिकले. ज्यांनी कथा पुढे ढकलण्याच्या घाईत प्रत्येक कृती अर्ध्यावर तोडली, ते कितीही रंजक असले तरी ओसरून गेले.

पहिले उदाहरण रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५६ सालच्या 'अ मॅन एस्केप्ड' या चित्रपटाचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये, लियाँ शहरातील माँल्यूक तुरुंगात कैद असलेला फाँतेन नावाचा तरुण तिथून पळून जातो, एवढीच कथा. आणि तो निसटणार हे तर शीर्षकातच सांगून टाकलेले आहे. म्हणजे 'पुढे काय होणार' ही उत्कंठा दिग्दर्शकाने स्वतःहून सोडून दिली आहे. मग उरते काय? उरतो तो लोखंडी चमचा. कोठडीच्या फरशीवर घासून घासून फाँतेन त्याला धार लावतो, दाराच्या ओक लाकडाच्या दोन फळ्यांमधल्या सांध्यात ती धार घालतो आणि लाकूड कणाकणाने पोखरत राहतो. पडलेला भुसा गोळा करावा लागतो, पोखरलेली फट कागदाने झाकावी लागते, आणि हे सारे पहारेकऱ्याच्या चाहुलीकडे कान देत करावे लागते. कॅमेरा त्याच्या हातांपासून फारसा दूर जात नाही. फाँतेनची भूमिका करणारा फ्राँस्वा लतेरिए हा व्यावसायिक नट नव्हता, आणि ब्रेसाँला नटाच्या चेहऱ्यावरचा अभिनय नकोच होता. त्याला हवे होते ते काम करणारे हात.

या चित्रपटाने मला ऐकायला शिकवले, असे मी मनापासून म्हणेन. जिन्याच्या कठड्यावरून किल्ली घासत जाणारा पहारेकरी, भिंतीपलीकडून येणारा गाड्यांचा आवाज, आणि शेवटच्या भागात रात्रीच्या शांततेत फिरणाऱ्या एका सायकलीची कुरकुर. कोठडीतल्या माणसाला बाहेरचे जग कानांनीच कळते, म्हणून प्रेक्षकालाही ते कानांनीच कळू दिले आहे. अगदी सुरुवातीलाच, मोटारीतून नेले जात असताना फाँतेन संधी साधून उडी मारतो, तेव्हा कॅमेरा त्याच्यामागे धावत नाही; तो मोटारीतच थांबतो, आणि बाहेर काय घडले ते आपण आवाजांवरून समजून घेतो. रेडिओच्या श्रोत्यांना या युक्तीची थोरवी मी वेगळी सांगायला नको.

दुसरा चित्रपट शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा, १९७५ सालचा, 'झान डिलमन'. तो सुमारे २०१ मिनिटांचा आहे. दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेणाऱ्या 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०२२ सालच्या यादीत तो पहिल्या स्थानावर आला, आणि एका स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या स्थानावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या बातमीनंतर अनेकांनी तो पाहायला घेतला आणि अनेकांनी अर्ध्यावर सोडला, हे मी समजू शकते. एक विधवा स्त्री, तिचा मुलगा, तीन दिवस. ती अंथरूण आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, दिवे लावते आणि मालवते, आणि उपजीविकेसाठी दुपारी एकेका पुरुषाला घरी घेते. कॅमेरा जागचा हलत नाही.

पहिला दिवस पाहताना वाटते की काहीच घडत नाही. पण त्या दिवशी तिच्या हालचालींची घडी आपल्या मनात पक्की बसते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती विस्कटू लागली की आपल्याला लगेच कळते. बटाटे जास्त शिजून जातात. ते भांडे हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, पुन्हा स्वयंपाकघरात येते, त्याचे काय करावे हेच तिला सुचत नाही. एरवीच्या चित्रपटात या प्रसंगाला कुणी महत्त्व दिले नसते. इथे मात्र तो पाहताना माझ्या पोटात गोळा आला. जिच्या आयुष्यात प्रत्येक मिनिटाला जागा ठरलेली आहे, तिच्यासाठी बटाटे बिघडणे हे संकट आहे, आणि हे आपल्याला संवादातून सांगावे लागत नाही, कारण आपण दोन तास तिच्याबरोबर घालवलेले असतात. दोन तासांचा तो सहवास वगळला, तर उरलेले सारे निव्वळ माहितीसारखे वाटेल.

इथे एक विषय ओघाने येतो. २०२० साली नेटफ्लिक्सने आपल्या मोबाइलवरील प्रेक्षकांना चित्रपटाचा वेग कमीजास्त करण्याची सोय दिली. अर्ध्या वेगापासून दीडपट वेगापर्यंत. त्याआधी ती चाचणीच्या टप्प्यात होती तेव्हाच काही दिग्दर्शकांनी जाहीर विरोध नोंदवला होता. व्याख्यान किंवा बातमी दीडपट वेगाने ऐकण्याला माझी हरकत नाही, आणि ज्यांना ऐकण्या-वाचण्यात अडचण आहे त्यांना वेग कमी करता येणे ही मोठीच सोय आहे. परंतु दीडपट वेगाने पाहिलेला 'झान डिलमन' हा 'झान डिलमन' नव्हेच, यात मला तिळमात्र शंका नाही. दिग्दर्शकाने एखादे दृश्य किती वेळ ठेवायचे ठरवले, हाच तर त्याच्या कामाचा गाभा असतो.

वहीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. यंदा मी जुने, आधी पाहिलेले चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहिले. दरवर्षी नव्या नावांची यादी वाढवत नेण्याचा जो हव्यास असतो, तो यंदा बाजूला ठेवला, आणि त्याचे फळ मला यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी' या १९५३ सालच्या जपानी चित्रपटात मिळाले. म्हातारे आईवडील टोकियोतल्या मुलांना भेटायला जातात, आपापल्या उद्योगात गढलेली मुले त्यांना वेळ देऊ शकत नाहीत, आणि युद्धात गमावलेल्या मुलाची विधवा, नोरिको, तेवढी त्यांची मायेने विचारपूस करते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मुलांचा राग आला होता. या वेळी लक्ष गेले ते आईवडिलांच्या बोलण्याकडे. आपली मुले इतरांपेक्षा बरीच म्हणायची, आपण सुखीच म्हणायचे, असे ते दोघे एकमेकांना सांगतात. हे बोलताना ते किती खरे बोलत आहेत आणि किती मनाची समजूत घालत आहेत, हे ओझू ठरवून देत नाहीत. वडिलांची भूमिका करणारे चिशू र्यू तेव्हा पन्नाशीच्या आतले होते. त्यांनी उभे केलेले सत्तरीचे वार्धक्य बसण्या-उठण्याच्या संथपणात आहे, रंगभूषेत नाही.

पहिल्याच प्रसंगात प्रवासाची बांधाबांध चालू असते. हवा भरायची उशी सापडत नाही. 'मी तुझ्याकडे दिली होती', 'माझ्याकडे नाही', असे थोडेसे चालते, आणि मग ती वडिलांच्याच सामानात निघते. पहिल्या वेळी हा प्रसंग मी नुसता पाहून सोडला होता. दुसऱ्या वेळी, पुढे आईचा मृत्यू होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे, त्या क्षुल्लक उशीवरून दोन माणसांनी घालवलेल्या त्या मिनिटाचे मोल कळले. असा संवाद पुढच्या प्रवासाच्या वेळी होणार नाही. हे ज्ञान पहिल्या वेळी आपल्याजवळ असूच शकत नाही. म्हणून काही चित्रपट दुसऱ्या वेळी पाहिल्यावरच पुरते पाहून होतात, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

सत्यजित राय यांचा 'पाथेर पांचाली', १९५५ सालचा, हाही पुन्हा पाहिलेल्यांपैकी. आपली मुलगी दुर्गा वारली आहे हे ठाऊक नसलेला हरिहर घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, आणि मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा मात्र आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर येतो. आक्रोश ऐकवला असता तर आपण त्या बाईचे रडणे ऐकले असते. सूर आल्यामुळे ते दुःख एका घरापुरते राहत नाही. आणि हरिहरने वस्तू दाखवण्याला जो निवांत वेळ दिला आहे, तो दिला नसता तर त्या सुराला हे बळ आले नसते, हे या खेपेस नीट कळले.

चित्रपटगृह बरे की घर, यावर मी फार बोलणार नाही. घरी थांबवता येते, आणि थांबवता येते हीच त्यातली अडचण आहे. यंदा मी घरीही चित्रपट मध्ये न थांबवता पाहण्याचा नेम पाळला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, आणि तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

मराठीतला एक चित्रपट या सगळ्यांच्या पंक्तीला बसतो, तो चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', २०१४ सालचा. एका लोकशाहिरावरील खटल्याची ती हकिकत. न्यायालयातल्या दृश्यांत कॅमेरा दूर उभा असतो, सरकारी वकील कायद्याचे लांबलचक उतारे एकसुरी आवाजात वाचत राहते, आणि त्या एकसुरीपणातच एका माणसाचे दिवस कसे झिजतात ते दिसते. उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात, पडदा अंधारतो. कुठलाही चित्रपट इथे संपला असता. हा संपत नाही. तो सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांच्या मागोमाग जातो, आणि त्या जोडलेल्या भागामुळे आधीच्या साऱ्या दृश्यांकडे पुन्हा पाहावे लागते. काय वगळायचे याचे कौतुक नेहमी होते. काय वगळायचे नाही, हे ओळखणाऱ्या दिग्दर्शकाचेही व्हायला हवे.

नव्या वर्षाच्या वहीत मी एक रकाना वाढवला आहे. चित्रपट पाहिल्यावर महिन्याभराने त्यातले काय आठवते, ते तिथे लिहायचे. पहिली नोंद 'अपराजितो' आणि 'अपुर संसार' यांची असेल. १९५६ आणि १९५९ सालचे हे पुढचे दोन भाग मी पूर्वी कित्येक वर्षांच्या अंतराने पाहिले होते. या वेळी 'पाथेर पांचाली'ला जोडून, एकाच आठवड्यात, क्रमाने पाहणार आहे.

नमस्कार.