जबाब घ्यायची घाई

मानवी तस्करीतून, म्हणजे फसवून किंवा बळजबरीने नेऊन राबवून घेणाऱ्यांच्या तावडीतून, कोणाची सुटका झाली की बातमी येते, फोटो येतात आणि सगळ्यांना वाटतं की झालं काम. मला आज बोलायचंय ते त्यानंतरचं. बाहेर आलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत काय मिळतं, तर प्रश्न. कोणी नेलं, कुठल्या तारखेला, पैसे कोणी घेतले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पळून का नाही गेलीस? तिची झोप झालेली नसते, समोरचा पोलीस खरा की एजंटचाच माणूस हेही कळत नसतं, कारण महिनोन्‌महिने तिला हेच ऐकवलेलं असतं की पोलिसांकडे गेलीस तर तूच आत जाशील.

अशा वेळी घेतलेला जबाब तुटकच असणार ना. भीतीत जगलेल्या माणसाला दाराचा आवाज लख्ख आठवतो पण तारखा मागेपुढे होतात, आणि मग काही वर्षांनी कोर्टात बचावाचा वकील तोच पहिला जबाब काढून म्हणतो, बघा ही खोटं बोलतेय. म्हणजे आपल्याच घाईने आपण केस कच्ची करतो.

युरोप परिषदेच्या 2005 च्या मानवी तस्करीविरोधी करारात यावर सरळ तरतूद आहे, सावरायला आणि विचार करायला किमान 30 दिवस द्यायचे, आणि साक्ष देणार असशील तरच निवारा आणि औषधं मिळतील अशी अट घालायची नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण मदतीच्या बदल्यात साक्ष मागितली की तो पुन्हा सौदाच झाला, आणि सौद्यातूनच तर ती सुटून आलीय. इसिसच्या कैदेतून सुटलेल्या इराकच्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांना 2018 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, त्यांच्या नावाने 2022 मध्ये आलेली मुराद आचारसंहिताही हेच सांगते, की अत्याचार सोसलेल्या व्यक्तीकडून माहिती घेताना काय सांगायचं, किती सांगायचं, हे तिने ठरवायचं.

‘ती स्वतःहून गेली होती’ हे तर हमखास ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉल या तस्करीविरोधी करारानुसार फसवणूक किंवा बळजबरी असेल तर त्या होकाराला काही अर्थच उरत नाही, आणि 18 वर्षांखालचं मूल असेल तर फसवणूक सिद्ध करायचीही गरज नाही.

आणि हे फक्त बायकांचं नाही हो. म्यानमार, कंबोडियात नोकरीच्या नावाखाली नेऊन तरुणांना डांबून ऑनलाइन फसवणूक करायला लावतात, आणि सुटून आल्यावर त्यांच्याकडेच गुन्हेगार म्हणून बघितलं जातं. बळजबरीने करायला लावलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्यांना होऊ नये, एवढं तरी आपण ठामपणे म्हणायला हवं.

सगळा खटला एकाच माणसाच्या आठवणीवर कशाला उभा करायचा? बँकेचे व्यवहार, फोनचे रेकॉर्ड, तिकिटं, भाडेकरार, हे सगळं तपासात आधी गोळा करा, मग तिची साक्ष त्याला जोडा, गरज पडली तर व्हिडिओवरून घ्या, तिच्या भाषेतला दुभाषी द्या. बुडवलेली मजुरी आणि नुकसानभरपाई निकालाआधीच मागा, कारण कर्ज तसंच राहिलं तर तोच एजंट पुन्हा दारात येतो. आणि आरोपीला जामीन मिळाला तर ते तिला त्याच दिवशी कळवा, तो रस्त्यात समोर दिसल्यावर नको.