भैरप्पा वाचायचेत, पण सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी. २४ सप्टेंबर २०२५ ला कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले, बंगळुरूमध्ये, वय ९४. त्यानंतरचे काही दिवस माझा फोन नुसता त्यांच्यावरच्या पोस्टींनी भरून गेला होता. एका बाजूला त्यांना थेट ऋषी करून टाकलेलं, दुसऱ्या बाजूला प्रतिगामी, प्रचारक, झालं ते बरंच झालं इथपर्यंत. मी त्यातल्या बऱ्याच वाचल्या आणि मला मनापासून वाईट वाटलं, कारण दोन्हीकडे फिरून फिरून एकाच पुस्तकाचं नाव येत होतं, आवरण. २० पेक्षा जास्त कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाचं भांडण एका कादंबरीवर होतंय आणि उरलेलं सगळं कपाटात. आज मी बोलणार आहे ते त्या उरलेल्याबद्दल. आवरणबद्दलही बोलेन, टाळणार नाही, पण ते नंतर.

आधी माणूस कोण होता ते थोडं सांगते. हासन जिल्ह्यातलं संतेशिवर हे त्यांचं गाव, जन्म १९३१ चा. लहानपणी प्लेगने घरातली माणसं नेली, भावंडं गेली, आई गेली, आणि वडील असून नसल्यासारखे. पुढे वार लावून जेवायचं, उदबत्त्या विकायच्या, थिएटरच्या दारावर उभं राहायचं, पोटासाठी जे मिळेल ते करायचं. मधेच शाळा सोडून मुंबईला आले आणि आपल्या याच मुंबईत रेल्वे स्टेशनवर हमाली केली, तिथून साधूंच्या एका टोळीबरोबर काही महिने भटकले आणि मग परत म्हैसूरला जाऊन शिकायला लागले. तत्त्वज्ञानात एम.ए., तेही सुवर्णपदक घेऊन, आणि पीएच.डी. बडोद्याला, विषय सत्य आणि सौंदर्य. मग आयुष्यभर नोकरी तत्त्वज्ञान शिकवायची, हुबळी, गुजरात, दिल्लीची एनसीईआरटी, शेवटी म्हैसूर. हे सगळं त्यांच्या आत्मचरित्रात आहे, मराठीत ते 'माझं नाव भैरप्पा' म्हणून आलंय, पण कृपा करून सुरुवात त्याने करू नका, कारण आधी ते वाचलं की मग प्रत्येक कादंबरीत आपण लेखकालाच शोधत बसतो.

तर सुरुवात कुठून? माझं उत्तर पक्कं आहे, गृहभंग. १९७० ची कादंबरी. लोक म्हणतात भैरप्पा म्हणजे जड, तत्त्वज्ञान, चर्चा, पानंच्या पानं संवाद. गृहभंगमध्ये यातलं काहीच नाही. एक गाव आहे, त्यात शानभोगांचं घर आहे, शानभोग म्हणजे आपल्याकडचे कुलकर्णी, गावचं दप्तर सांभाळणारे. घरात सासू गंगम्मा, तिच्या तोंडाला लगाम नाही. तिचा मुलगा चेन्निगराय, नावाला शानभोग पण दप्तर लिहिता येत नाही, त्याला फक्त खायचं कळतं, बायकोपोरांच्या आधी, त्यांच्या वाटचं सुद्धा. आणि त्याची बायको नंजम्मा. नंजम्मा ते दप्तर स्वतः लिहायला शिकते. जमाबंदीचे आकडे, हिशेब सगळं ती लिहिते आणि नाव नवऱ्याचं. एवढ्यावर भागत नाही म्हणून पळसाची पानं आणून पत्रावळी लावते आणि विकते. भैरप्पा हे इतकं बारकाईने लिहितात की पानं कधी आणायची, वाळवायची कशी, एका पत्रावळीला वेळ किती लागतो, हे सगळं आपण शिकतो आणि त्यातून त्या बाईची ताकद कळते. कुठेही लेखक येऊन सांगत नाही की बघा, केवढी कर्तबगार बाई आहे.

आणि मग प्लेग येतो. गाव रिकामं होतं, लोक बाहेर झोपड्या टाकून राहतात, आणि ज्या मुलांसाठी ती हे सगळं करत होती त्यातली दोन, लग्न झालेली मुलगी आणि शाळेत हुशार असलेला मुलगा, एकापाठोपाठ जातात. ती पानं वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं. त्या दुःखाला भैरप्पा काही अर्थ देत नाहीत. कर्म नाही, देवाची इच्छा नाही, समाजाचा दोषही नाही. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असलेला माणूस, ज्याच्याकडे या प्रश्नाची १० तयार उत्तरं होती, तो एकही उत्तर पुढे करत नाही. माझ्यासाठी भैरप्पांचं मोठेपण इथे आहे आणि म्हणूनच मी म्हणते की इथून सुरू करा, म्हणजे पुढे वाद झाले तरी हा लेखक काय ताकदीचा आहे ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

दुसरं पुस्तक वंशवृक्ष, १९६५ चं. आपल्याला ते मिळालं उमा कुलकर्णींमुळे, या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार पण मिळाला. इथे थोडं थांबून सांगायलाच पाहिजे की मराठी वाचकांना भैरप्पा आपले वाटतात ते खूपसं उमाताईंमुळे. पुण्यात बसून एक बाई एकामागून एक कादंबऱ्या मराठीत आणते, नवरा विरूपाक्ष कुलकर्णी तिकडे मराठीतलं कन्नडमध्ये नेतात, एका घरातून दोन भाषांचं केवढं काम झालंय.

वंशवृक्षमध्ये नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री आहेत, कर्मठ म्हणता येणार नाहीत पण धर्मावर पूर्ण निष्ठा असलेले. मुलगा कपिला नदीत बुडून जातो. मागे तरुण सून कात्यायनी आणि लहानसा नातू. कात्यायनी कॉलेजला जाते, तिथे राजा भेटतो, ती पुनर्विवाह करते. आणि मग प्रश्न येतो मुलाचा, मूल कोणाचं? आईचं, की ज्या घराण्यात जन्मलं त्या घराण्याचं? श्रोत्री आपलं म्हणणं मांडतात पण तिला अडवत नाहीत, निर्णय तिच्यावर सोडतात, आणि ती मुलाला न घेता परत जाते. या एका प्रसंगावर किती वाद घालता येईल बघा. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्रचंड राग आला होता, कात्यायनीला लेखकाने शिक्षा केली असं वाटलं, तिचे गर्भपात, तिचं खंगत जाणं, हे सगळं पुनर्विवाहाची किंमत म्हणून दाखवलंय असं वाटलं. आजही तो आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही. पण भैरप्पा श्रोत्रींनाही सोडत नाहीत हे त्याच पुस्तकात आहे. ज्या वंशाच्या शुद्धतेवर या माणसाने आयुष्य उभं केलं, सुनेला उपदेश केला, तो वंश त्याचा नाहीच, त्याचा जन्मच दुसऱ्या पुरुषापासून झालेला, वारसा भावाकडे जाऊ नये म्हणून घडवून आणलेला, हे त्याला म्हातारपणी कळतं. आणि तो ते झाकत नाही, सगळं सोडून निघतो. आता सांगा हे पुस्तक परंपरेच्या बाजूचं की विरुद्ध? पुरोगामी म्हणवणाऱ्या गिरीश कर्नाड आणि बी. व्ही. कारंत या नाटकातल्या दोन मोठ्या माणसांनी १९७१ मध्ये यावर सिनेमा केला आणि दोघांना मिळून दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पुढे १९७७ मध्ये याच दोघांनी 'तब्बलियु नीनादे मगने' पण केला, मराठीत ती कादंबरी 'पारखा' नावाने आहे. ज्या कर्नाडांचे विचार पुढे भैरप्पांपासून एवढे फाटले त्यांनाही या कादंबऱ्यांत आपलं काहीतरी सापडलं होतं.

यानंतर जमलं तर 'जा ओलांडुनी' घ्या, कन्नड नाव दाटु. पुजाऱ्याची मुलगी सत्यभामा आणि गौडांचा मुलगा श्रीनिवास, जातीबाहेरचं प्रेम, आणि त्याभोवती सगळं गाव, सगळं राजकारण. १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार याला आहे. जे लोक भैरप्पांना ब्राह्मण्याचे वकील म्हणतात त्यांनी हे जरूर वाचावं आणि मग बोलावं.

आता पर्व, महाभारतावरची कादंबरी. १९७९. बहुतेक जण भैरप्पांकडे इथूनच येतात आणि बरेच जण इथेच अडकतात, कारण ग्रंथ जाडजूड आहे आणि पात्रांच्या डोक्यात शिरून शिरून पुढे जातो. म्हणून मी ते तिसऱ्या चौथ्या नंबरवर ठेवते. ज्यांनी इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं युगान्त वाचलंय त्यांना फार जड जाणार नाही, देव काढून माणसं बघायची सवय आपल्याला इरावतीबाईंनी १९६७ मध्येच लावलीय. भैरप्पांनी गढवालकडे अनेक भावांची एक बायको असलेली कुटुंबं प्रत्यक्ष पाहिली होती, आणि द्वारका, कुरुक्षेत्र, हस्तिनापूर असं फिरून मग लिहिलं. पर्व सुरू होतं मद्र देशाच्या म्हाताऱ्या शल्यापासून, घरात नात लग्नाची झालीय, वधूशुल्क घ्यायचं की तिकडच्या आर्यावर्तातल्यासारखं स्वयंवर करायचं ही चर्चा. कृष्ण नाही, शंख नाही, एक घरगुती कटकट. त्यातून हळूहळू युद्ध जवळ येतं.

कुंतीचा भाग आवर्जून सांगते. देव म्हणजे आकाशातले कोणी नाहीत, हिमालयात राहणारी एक जमात आहे, त्यांच्यातला न्याय देणारा धर्म, सेना सांभाळणारा मरुत, त्यांचा राजा इंद्र, वैद्य अश्विनीकुमार. पंडूच्या सांगण्यावरून कुंती त्यातल्या पहिल्या तिघांकडून नियोगाने मुलं घेते. आणि म्हातारपणी हे सगळं ती आठवत बसलीय, त्यात लाज आहे, सुख आहे, पंडूबद्दलची कणव आणि चीड दोन्ही आहे. बाईच्या शरीराची आठवण एका पुरुषाने इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली मी भारतीय कादंबरीत फार कमी वेळा वाचलीय. आणि युद्ध! एवढ्या लाखोंच्या सैन्याने खायचं काय, शौचाला जायचं कुठे, मेलेल्यांची दुर्गंधी, धान्य संपत चाललेलं. शौर्याबिर्याचा सगळा मुलामा उतरतो. हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याला नुसता धर्माभिमानी म्हणून बाजूला काढणं मला तरी जमत नाही.

संगीत ज्यांना प्रिय आहे त्यांनी मधेच मंद्र घेतलं तरी चालेल, सरस्वती सन्मान मिळालेलं. मोहनलाल नावाचा गवई, गळ्यात दैवी सूर आणि वागणं असं की किळस यावी. मोठी कला आणि चांगलं माणूसपण यांचा काही संबंध आहे का हा तो जुना, सत्य आणि सौंदर्याचा, पीएच.डी.वाला प्रश्न, पण इथे तो मांस घेऊन उभा राहिलाय.

आता आवरण. २००७. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकात टिपू सुलतानावरून मोठा वाद झाला होता, भैरप्पा आणि कर्नाड वर्तमानपत्रातून समोरासमोर, आणि त्या तापलेल्या वातावरणात ही कादंबरी आली. पहिली आवृत्ती प्रकाशनाआधीच संपली असं सांगतात, मग आवृत्त्यांवर आवृत्त्या. कथा अशी की लक्ष्मी नावाची मुलगी अमीरशी लग्न करून रझिया होते, फिल्म लाइनमधली, डाव्या विचारांची, आणि हंपीवर डॉक्युमेंटरी करताना तिला प्रश्न पडायला लागतात. वडील वारतात, ती गावाकडे येते आणि तिला त्यांनी जमवलेली पुस्तकं, काढलेल्या नोट्स सापडतात. हा भाग अप्रतिम आहे. ज्या बापाने आयुष्यभर बोलणं टाकलं तो एकटा बसून काय वाचत होता हे मुलगी त्याच्या मागे वाचते, याच्याइतका हृद्य प्रसंग त्यांच्या इतर पुस्तकांतही शोधावा लागेल. मग ती औरंगजेबाच्या काळावर, तेव्हा पाडल्या गेलेल्या देवळांवर कादंबरी लिहिते, ती कादंबरीत कादंबरी म्हणून येते, संदर्भग्रंथांच्या यादीसकट.

कन्नडमधलेच दुसरे मोठे लेखक यू. आर. अनंतमूर्ती यांनी यावर कडक टीका केली. माझं मत सांगते. देवळं पाडली गेली हे लिहू नये असं मी अजिबात म्हणणार नाही, इतिहासातलं दुःख लिहायचा लेखकाला हक्क आहे. माझी तक्रार कादंबरीकाराकडे आहे. वंशवृक्षमध्ये ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्या तोंडी सुद्धा भैरप्पा सगळ्यात भक्कम युक्तिवाद देत होते. इथे रझियाच्या विरुद्ध बाजूला जे प्राध्यापक शास्त्री उभे केलेत ते ढोंगी आहेत, पोकळ आहेत, त्यांना हरवण्यात काय मोठं? खरा अभ्यासू, खरा तळमळीचा विरोधक समोर आणला असता तर हीच कादंबरी मोठी झाली असती. 'तडा' या त्यांच्या कादंबरीमध्ये हे अजून वाढलंय, तिथल्या स्त्रीवादी बायका मला माणसं वाटतच नाहीत, आणि ज्याने नंजम्मा आणि कुंती लिहिल्या त्याच्या हातून हे झालं याचं मला खरंच दुःख होतं.

तरीही आवरण वाचा. शेवटी वाचा. चारपाच कादंबऱ्या झाल्यावर वाचलंत तर रझियाच्या वडिलांची खोली कुठे जिवंत झालीय आणि शास्त्रींच्या भाषणात लेखक कुठे उभा राहून बोलायला लागलाय, हे तुमचं तुम्हालाच दिसेल, त्यासाठी माझी किंवा कुठल्या पोस्टची गरज लागणार नाही. गृहभंग आणि वंशवृक्ष दोन्ही मराठीत आहेत, जुन्या वाचनालयांत बहुतेक ठिकाणी सापडतात. पर्व विकतच घ्या, ते १५ दिवसांत परत करण्यासारखं पुस्तक नाही. आता तुमचे प्रश्न घेऊया.