कथा कटसीनमध्ये शोधू नका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे : गेमला कथा हवीच कशाला? १९८४ सालच्या टेट्रिसला कथा नाही आणि तो आजही खेळला जातो, हे मान्य. तो मुद्दा येथेच सोडू. माझी तक्रार वेगळी आहे. कथा म्हणजे दोन लढायांच्या मधला कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला सिनेमासारखा प्रसंग, अशी समजूत आपण करून घेतली आहे.

माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे ठाण्याला येतो, कटसीन सुरू होताच बटण दाबून तो टाळतो आणि पाच मिनिटांनी विचारतो, "मामा, याला मारायचं कशासाठी?" पूर्वी मी चिडत असे. आता वाटते, की खेळणाऱ्याच्या हातचा खेळ थांबवून त्याला प्रेक्षक बनवणाऱ्यांचाच दोष अधिक आहे. १९९८ च्या हाफ-लाइफ या गेममध्ये सुरुवातीच्या ट्रामप्रवासातही मान वळवून भोवतालची प्रयोगशाळा पाहण्याची मोकळीक आपल्याकडेच राहते. २०१३ च्या ब्रदर्स या गेममध्ये दोन भावांना आपण एकाच वेळी चालवतो : कंट्रोलरची डावी काडी (स्टिक) थोरल्या भावाची आणि उजवी धाकट्याची. शेवटी त्या डाव्या हाताचे काय होते, ते मी सांगणार नाही आणि कृपया कमेंटमध्ये तुम्हीही फोडू नका.

त्याच वर्षी आलेला लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' हा गेम पाहा. तुम्ही सीमेवरचे तपासनीस असता. जितकी माणसे तपासाल तितका पगार, आणि त्यातूनच घरभाडे, अन्न व शेकोटीचा खर्च भागवायचा. लक्षात घ्या, मी अजून गोष्ट सांगितलेली नाही, फक्त नियम सांगितले आहेत. तरीही तुम्हाला घरातली थंडी जाणवू लागली असेल. मग एक माणूस येतो, त्याची कागदपत्रे बिनचूक असतात, आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला सांभाळून घ्या, अशी तो विनवणी करतो. तिच्याकडे प्रवेशपरवाना नसतो. तिला आत सोडले तर तुमची चूक दाखवणारी चिठ्ठी येते. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर ताकीद मिळते, त्यापुढे दंड. "संवाद जेमतेम चार ओळींचे, यात कथा कुठे?" असे एका प्रेक्षकाने लिहिले होते. महाशय, कथा पासपोर्टवरच्या त्या होकाराच्या किंवा नकाराच्या शिक्क्यात आहे, कारण तो तुम्हाला मारावा लागतो.

यंदा हा गेम मी भाच्यापुढे ठेवला. त्याने त्या बाईला परत पाठवले, दिवसाचा पगार मोजला आणि जेवताना हळूच विचारले, "मामा, तिचा नवरा आत एकटाच राहिला का रे?"