घसरलेली निळी रांग

ही टकटक ऐकू येतेय? काचेला काच लागल्याचा आवाज आहे हा. इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागात, एका अरुंद जिन्याच्या वरच्या खोलीत, लांब टेबलाभोवती आम्ही नऊ जण बसलोय. प्रत्येकापुढे नारळाएवढा काचेचा पोकळ गोळा. वाट्यांमध्ये रंगीत काचा आहेत: त्रिकोण, चौकोन, शंकरपाळे. आणि मोहरीएवढे काचमणी.

मोझॅक म्हटलं की मला आमच्या जुन्या बिल्डिंगची फरशी आठवते, ठिपक्याठिपक्यांची. इथे मोझॅकचा दिवा करायचाय.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘होजाम’ म्हणतात, म्हणजे आपल्या ‘बाई’च. मुरलेला कारागीर तो ‘उस्ता’. आपला उस्ताद त्याचाच भाऊबंद. दुकानाला ‘द्युक्क्यान’. भाषा येत नसूनही मधूनच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

नक्षी आधी ताटात मांडून बघायची. मी निर्धास्त होते, रांगोळीचा हात आहे म्हणून. मधे फूल, भोवती पाकळ्या, त्याभोवती वेल. पण रांगोळीला जमीन सपाट मिळते. गोळ्यावर प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा लांब होत जाते, मधल्या रेषेपाशी सगळ्यात लांब, मग पुन्हा आखडते. ताटात नेमके बसलेले बारा तुकडे गोळ्यावर पुरेनात.

डिंक पारदर्शक असतो. तो थोडाथोडाच लावायचा. मी हौसेने अर्ध्या गोळ्याला फासला. हे बघा, निळ्या शंकरपाळ्यांची रांग कशी सावकाश खाली निघालीय, निऱ्या सुटाव्यात तशी. होजाम आल्या, हसल्या. म्हणाल्या, “याव्हाश, याव्हाश.” हळूहळू. दोन तुकडे त्यांनी वर सरकवले, बाकीचे माझ्यावर सोडले.

फटींमध्ये मणी दाबायचे. डिंक धरला की वरून पांढरा लेप, आपले गवंडी फरशीच्या दरजा भरतात तसा. मग ओल्या स्पंजने पुसायचं. पुसताना पहिल्यांदा नक्षी दिसते, आणि चुकाही. मध्ये कमरेत बारीक पेल्यातून बिनदुधाचा चहा येतो. हात लेपाने भरलेले, त्यामुळे माझा गारच झाला.

बाहेर पाटीवर ‘पारंपरिक उस्मानी कला’ असं लिहिलंय. मला तसं म्हणवत नाही. जुन्या मशिदींतले दिवे तेलाचे, काचेचे पेले टांगलेले. माझ्या पुढ्यातला गोळा विजेच्या बल्बसाठी बनलाय. हात मात्र कारागिराचेच लागतात, हे तीन तासांत कळलं.

जुनं मोझॅक बघायचं तर इथून चालत आयासोफियाला जायचं. मूळचं हे चर्च, आता मशीद. इमारत इसवी सन ५३७ मध्ये पूर्ण झाली. वरच्या सज्जात तेराव्या शतकातला ख्रिस्त आहे, एका बाजूला त्याची आई मरियम, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान. खालचा बराच भाग उडालाय, पण चेहरे शाबूत. शतकानुशतकं इथली मोझॅक चित्रं गिलाव्याखाली होती. १९३१ साली तो काढायचं काम सुरू झालं.

सोनेरी भाग बघा. दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख, असा एकेक तुकडा. भिंतीत ते सगळे एका पातळीत नाहीत, थोडे इकडे, थोडे तिकडे कललेले. एक पाऊल सरकलात की उजेड दुसऱ्याच तुकड्यांवर जातो. कालपर्यंत मी इथे फक्त चेहरे बघितले असते. आज माझी नजर दरजांवरच जात होती.

माझा दिवा कागदात, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये, मग माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आला. तुर्कस्तानात वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टची. अडचण होल्डरची झाली. त्याला बारीक आट्यांचा बल्ब लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने खोकी उपसून एक काढला, फुंकर मारून दिला.

संध्याकाळी लावला. दिवसा काळपट दिसणारा निळा रंग एकदम उजळला. भिंतीवर फूल पडलं, पाकळ्या पडल्या, आणि त्यांच्याखाली एक वाकडी रांग, दोन तुकडे वर, बाकीचे घसरलेले.