रेडिएटर नंतर घ्या, आधी श्राउड बघा! टर्बो गाडीचं कूलिंग

नमस्कार मंडळी. इंदूरात एप्रिल लागला की आपल्या चॅनेलवर एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, गाडी रीमॅप केलीये, तापते, कोणता रेडिएटर घेऊ?" (रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं.) कुणी ब्रँड विचारतं, कुणी लिंक मागतं. एका भल्या माणसाने तर फक्त "भिया, रेडिएटर?" एवढंच लिहून पाठवलंय. आता याला काय उत्तर देणार? म्हणून आज सगळं एकदाच बोलून टाकतो.

बेसिक झटपट आटोपू, तुम्हाला ठाऊकच आहे. पेट्रोल जळतं, त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कामाला लागते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या द्रवात येते. ती बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब, वाढवला म्हणजे इंधन वाढलं, म्हणजे उष्णता वाढली. शिवाय टर्बोचं मधलं घर बहुतेक गाड्यांत कूलंटनेच गार होतं, तो भार वेगळा. झालं बेसिक.

आता नाकासमोर बघा. (बोनेट उघडतो.) सगळ्यात पुढे इंटरकूलर, टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा. त्यामागे एसीचा कंडेन्सर. त्यामागे बिचारा रेडिएटर. म्हणजे रेडिएटरला ताजी हवा मिळतच नाही, दोघांची उष्टी हवा मिळते. तुम्ही पुढे मोठा इंटरकूलर लावलात, फोटो टाकलात, लाइक मिळाले. पण त्या दिवसापासून रेडिएटरचं काम अवघड झालं. "इंटरकूलर बदलल्यापासून तापायला लागली" अशा कमेंट येतात ना, त्या याच.

खरेदीच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गाडी कधी तापते? सिग्नलला उभी असताना, की पळताना? उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर गडबड पंख्याकडे आहे: पंखा, रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग, श्राउड (पंख्याभोवतीचं खोकं). पळताना, चढावर, बूस्टमध्ये तापते, तर रेडिएटरची जाळी कमी पडतेय, किंवा कूलंट नीट फिरत नाहीये, किंवा हवा जाळीला चुकवून जातेय. फक्त एसी लावल्यावर तापते, तर कंडेन्सर आणि जाळीच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. निमाडातून येणाऱ्यांच्या गाड्यांत तिथे कापसाचे तंतू, किडे, माती यांचा नमदा झालेला मी बघितलाय. तो काढायला पाणी मागच्या बाजूने मारायचं, हलक्या हाताने. प्रेशर वॉशरने फिन, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, आडव्या केल्या तर नवी जाळी घ्यावीच लागेल.

आणि तापते हे डॅशबोर्डच्या काट्यावरून ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध बसवून ठेवतात. कूलंट 80 अंश असो की 100, हलत नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावा आणि कूलंटचा खरा आकडा बघा.

आता माझं दुखणं. हे. (हातात पत्र्याचा श्राउड धरतो.) पंख्याभोवतीचं हे खोकं. आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, रेडिएटर घेणारे दहातले किती जण हे लावतात ते मला विचारू नका, संताप होतो.

गणित करू. तुमची जाळी 65 सेंटिमीटर रुंद, 40 उंच. झाले 2,600 चौरस सेंटिमीटर. त्यावर 16 इंची पंखा लावला, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटर व्यासाचा. त्याचं वर्तुळ 1,250 च्या आसपास. म्हणजे श्राउड नसेल तर पंखा निम्म्याहून कमी जाळीतून हवा ओढतोय. कोपरे नुसते बसून आहेत. तुम्ही म्हणाल, दोन लावतो. लावा. 12 इंची दोन लावलेत तरी 1,400 च्या पुढे फार जात नाही. पैसे पूर्ण जाळीचे दिलेत आणि सिग्नलला वापरताय अर्धी.

एका मित्राची गाडी, दोन लिटर टर्बो पेट्रोल. बाहेरून मागवलेला 56 मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम रेडिएटर, टिग वेल्डिंग असं की बघत राहावं. कंपनीचा पंखा आणि त्याचं प्लास्टिकचं खोकं जागा होत नाही म्हणून काढून फेकलं, आणि दोन बारीक पंखे थेट जाळीतून प्लास्टिकच्या काड्या आरपार घालून आवळले. पलासियाला सिग्नलवर स्कॅनर 112 दाखवत होता. गाडी बंद करा, बोनेट उघडा, मागचे हॉर्न वाजवतायत. पठ्ठ्या मला म्हणतो, "अजून मोठा रेडिएटर येतो का?"

मी म्हटलं, थांब. आम्ही एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला, चारी बाजूंनी वळवला, दोन भोकं पाडली, पंखे त्यावर बसवले, कडेला रबरी पट्टी. तोच रेडिएटर, तेच पंखे. त्याच रस्त्याला, दुपारीच, एसी लावून 99. रेडिएटर वाईट नव्हताच मुळी.

आणि त्या आरपार काड्या! मंडळी, त्या वापरू नका. पंख्याचं वजन आणि थरथर नाजूक फिन आणि नळ्यांवर येते. काडी घासते, घासते आणि एक दिवस नळीला भोक. पंखा श्राउडवर बसतो आणि श्राउड रेडिएटरच्या कडेच्या पट्टीवर. जाळीवर काहीही बसत नाही.

यावर मागच्या वेळी एका काकांची कमेंट होती, "आमच्या काळी असले चोचले नव्हते." काका, आदराने सांगतो, तुमच्या काळच्या जीपला, ट्रकला पंख्याभोवती पत्र्याचं भलंमोठं कडं होतं. आठवून बघा.

श्राउड करताना त्याला खोली ठेवा. पत्रा जाळीला चिकटवला तर कोपऱ्यातली हवा पंख्यापर्यंत येणार कुठून? आणि दुसरं टोक: काही जण मागची सगळी बाजू बंद करून टाकतात. मग 100 च्या वेगात समोरून येणाऱ्या हवेला बाहेर पडायला पंख्याच्या भोकांशिवाय वाट नाही. उभी गाडी गार, हायवेला गरम. म्हणून चांगल्या श्राउडला रबरी झडपा असतात. उभ्या गाडीत पंख्याच्या ओढीने त्या बंद होतात, वेगात हवेच्या दाबाने उघडतात. काढून टाकू नका, चिकटवूनही टाकू नका.

आता तीच गोष्ट पुढच्या बाजूने. श्राउड म्हणजे मागची फट बुजवणं. पुढची फट कोण बुजवणार? बंपरच्या जाळीतून हवा आत आली. समोर तीन थर, अडथळाच अडथळा. आणि बाजूला दोन बोटांची मोकळी फट. हवा कशाला फिनमधून घुसेल? ती फटीतून निघून जाणार. घरी खिडकीत कूलर बसवताना आपण कडेला पुठ्ठा, थर्माकोल काय काय कोंबतो, ते याचसाठी ना? तिथे कळतं, गाडीत कळत नाही!

इंदूरच्या सियागंज बाजारात रबरी पट्टी, फोमची पट्टी मीटरने मिळते. इंटरकूलर ते कंडेन्सर, कंडेन्सर ते रेडिएटर, वर, खाली, दोन्ही बाजू. उष्णता सोसणारा बंद छिद्रांचा फोम घ्या. गादीचा स्पंज पाणी पितो आणि पावसाळ्यानंतर लोंबतो. बंपर काढल्यावर कंपनीचे काळे प्लास्टिकचे आडपडदे निघतात, ते "जास्तीचे" म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात पडतात. ते जास्तीचे नाहीत. आधी ते परत लावा.

एवढं करूनही तापते? आता रेडिएटर बोलू.

जाडी बघून भुलू नका. हवा पहिल्या काही मिलिमीटरमध्येच बरीच गरम होते, मागचा थर गरम हवेवर काम करतो. जाडी दुप्पट केली म्हणून गारवा दुप्पट होत नाही, अडथळा मात्र वाढतो आणि तो पंख्याला सोसावा लागतो. जागा असेल तर आधी उंची-रुंदी वाढवा, मग जाडी. रस्त्यावरच्या गाडीला 40 मिलिमीटरच्या आसपासची नीट बांधलेली जाळी बहुतेकदा पुरते. प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर वाईट नसतात, पण जुने झाले की टाकी आणि जाळीच्या जोडातून गळतात. बूस्ट वाढवणार असाल तर पूर्ण अॅल्युमिनियम बरा.

परदेशी व्हिडिओ बघून "त्याला पुरला" म्हणणाऱ्यांसाठी: रेडिएटर फरकावर चालतो. कूलंट 100, बाहेर 20, फरक 80. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 44, फरक 56. तोच रेडिएटर, तीच हवा, पण क्षमता 70 टक्के. त्याने थंड देशात धावपट्टीवर पळवली, तुम्ही धामनोदहून मानपूरचा घाट दुपारी चढताय. खालून निमाडाची गरम हवा, चढ, बूस्ट सतत, पुढे ट्रक, वेग नाही. माझ्या मते घाट ही खरी परीक्षा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर, त्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर पळवायची स्वप्नं बघणारेही खूप आहेत इथे. तिथे 200 च्या वेगात पंख्याला काही कामच नाही, तिथे जाळी, पुढच्या फटी आणि तेलाचं तापमान बघायचं.

पंखा. पॅकिंगवरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) हा मोकळ्या हवेतला, समोर काहीही नसताना मोजलेला असतो. तुमच्याकडे समोर तीन थर आहेत. म्हणून विक्रेत्याला विचारा, दाबाखाली किती ओढतो त्याचा तक्ता आहे का. तक्ता नसेल तर पंखा उचलून बघा. मोटर पसरट, हलकी आणि किंमत फार कमी, तर सोडा. शक्यतो मागून ओढणारा घ्या. पुढून ढकलणारा पंखा स्वतःच जाळीवर सावली धरून बसतो. खरं सांगू? मोठ्या गाडीचा कंपनीचा जुना पंखा-श्राउडचा जोड कबाड्याकडे मिळाला आणि मापात बसला, तर निम्मे आफ्टरमार्केट पंखे त्याच्यापुढे काहीच नाहीत.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. ताकदीचा पंखा 25 अँपिअरच्या आसपास खातो, सुरू होताना त्याहून जास्त. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर आणि अर्थ नीट खरवडलेल्या जागेवर. बारीक वायरीमुळे पंख्याला 13.5 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले, तर वेग सुमारे 11 टक्के पडतो आणि दाब पाचव्या हिश्श्याने. पंखा फिरताना त्याच्याच कनेक्टरवर मीटर लावून बघा. बॅटरीवर मोजून काही कळत नाही. आणि फिरायची दिशा! वायर उलट जोडली तर पंखा फिरतो, आवाज करतो आणि हवा उलटी फेकतो. जाळीसमोर कागद धरा, चिकटला पाहिजे. कागद चारी कोपऱ्यांवर फिरवा. मधे चिकटला, कोपऱ्यात गळून पडला, तर... हो, श्राउड. पुन्हा तेच.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला कूलंटला रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप, काढून टाकणाऱ्यांनो, हात जोडतो. थर्मोस्टॅट किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. 87 अंशांना उघडणारा काढून 76 चा घातलात तर गार व्हायला सुरुवात लवकर होईल, पण जाळीची क्षमता तीच राहणार, घाटात आकडा तिथेच जाणार. पंख्याचा स्विचही थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो त्याच्या वरच्या आकड्याला लावा, नाहीतर पंखा थांबणारच नाही.

कूलंटवर रोज भांडणं होतात. "इंदूरात बर्फ पडत नाही, नुसतं पाणी चालतं." पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, ते बरोबर. पण गंजरोधक कुठून येणार? अॅल्युमिनियमची जाळी नळाच्या पाण्याने आतून खाल्ली जाते. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेला कूलंट, एवढंच. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. दाब टिकला तरच उकळबिंदू वर राहतो. झाकण सैल असेल तर कितीही महाग रेडिएटर लावा, कूलंट उकळून बाहेर येणार.

आणि हे सगळं ठीक असून कूलंट कमी होतंय, बाटलीत बुडबुडे येतायत, सकाळी पाइप टणक लागतोय, तर मला कमेंट करू नका. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागाच्या मधलं सील, तपासायला जा, त्यावर पंखा हा इलाज नाही.

बाकीच्यांनी कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: गाडी कोणती, कधी तापते, स्कॅनरवर आकडा किती. आणि एक फोटो, पंख्याच्या बाजूने काढलेला. श्राउड दिसला नाही तर लिंक मागायची नाही.